सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही घेताय? मीटरच्या आधी गाडीचा सरासरी वेग बघा

2019 च्या दिवाळीआधी मी एक सात सीटर डिझेल एसयूव्ही घेतली. नवी असताना सत्तर लाखांच्या वर गेलेली गाडी मला एकोणीस लाखांत मिळाली. एकच मालक, एमएच-04 पासिंग, मीटरवर 41,000 किलोमीटर, सीटचं लेदर अजून करकरीत. चौथ्या महिन्यात एका सकाळी पार्किंगमध्ये उतरलो तर गाडी पुढच्या डाव्या चाकावर टेकून बसलेली. एअर सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचा, स्ट्रट (चाकावरचा हवेचा खांब) गेला होता आणि गळती भरून काढता काढता हवा भरणारा कॉम्प्रेसरही जळाला होता. बिल झालं 1,85,000 रुपये.

विकणाऱ्याने मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मीटर फिरवलेला नव्हता. ते 41,000 किलोमीटर खरेच होते, फक्त जवळपास सगळे घोडबंदर रोडवर झाले होते. गाडीच्या स्क्रीनवर सरासरी वेग ताशी 14 किलोमीटर दिसत होता. घेताना तो आकडा मी पाहिलाही होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. 41,000 ला 14 ने भागा: इंजिन साधारण 2,900 तास चाललं होतं. तेवढेच किलोमीटर बाहेरगावी, ताशी 45 च्या सरासरीने झाले असते तर 900 तास भरले असते. म्हणजे कमी चाललेली समजून घेतलेली माझी गाडी आतून सव्वा लाखाच्या वर चाललेल्या गाडीइतकी झिजलेली होती.

त्यानंतर भाऊजींसाठी, ऑफिसातल्या दोघांसाठी आणि सोसायटीतल्या एका शेजाऱ्यासाठी अशा गाड्या बघायला मी गेलोय. ठाण्यात किंवा नवी मुंबईत पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यांसाठी, आता मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने लिहितो.

पायरी 1: आधी आपलं पार्किंग आणि रोजचा रस्ता

गाडी बघायला निघण्याआधी खाली पार्किंगमध्ये जा. नव्या टॉवरमध्ये मेकॅनिकल स्टॅक पार्किंग असेल तर त्यावरच्या पाटीवर वजन आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते. मोठ्या सात सीटर एसयूव्ही रिकाम्या असतानाच दोन टनांच्या वर जातात, रुंदी जवळपास दोन मीटर भरते. आमच्या शेजाऱ्यांनी गाडी ठरवली, टोकनही देऊन झालं, आणि मग सोसायटीच्या वॉचमनने पाटी दाखवली. टेप घेऊन मोजायला पाच मिनिटं लागतात, ती आधीच घालवा.

दुसरं, रोज कुठून कुठे जाणार ते ठरवा, कारण डिझेल की पेट्रोल हे त्यावरच ठरतं. डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते आणि भरत आली की गाडी स्वतःच तापमान वाढवून, साधारण 600 अंशांपर्यंत नेऊन, ती काजळी जाळते. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं न थांबता बऱ्या वेगाने चालावी लागते. कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला रोज सकाळी जाणाऱ्याला ही वीस मिनिटं मिळतच नाहीत. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे उड्डाणपूल असूनही कापूरबावडीला गाडी थांबते ती थांबतेच. रिजनरेशन अर्धवट राहतं, जाळी भरत जाते, आणि त्या प्रयत्नात जास्तीचं सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, ते टर्बोला आणि टायमिंग चेनला (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या साखळीला) नीट वंगण देत नाही. महागड्या डिझेल एसयूव्हींच्या तक्रारींची एक मोठी रांग इथूनच सुरू होते.

म्हणून रोजचा प्रवास सात-आठ किलोमीटरचा आणि तोही सिग्नल-सिग्नल असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पेट्रोल घ्या. मायलेज कमी पडेल, ते परवडेल. खारघरहून रोज पुण्याच्या बाजूला किंवा अटल सेतूवरून मुंबईत जाणाऱ्याने डिझेल घ्यायला हरकत नाही. पेट्रोल घेणार असाल तर एक गोष्ट तपासा. आता पंपांवर बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीला ते चालतं का, हे टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं.

पायरी 2: खिशाचा हिशेब

गाडीची किंमत सात वर्षांत चौथाईवर येते, पण हेडलाइटची येत नाही. सत्तर लाखांच्या गाडीचा पार्ट सत्तर लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतो, तुम्ही ती कितीलाही घेतलेली असो. मालकांच्या तक्रारी ऐकल्यात तर निम्म्या तक्रारी बिघाडाच्या नसून बिलाच्या असतात.

मी लोकांना सांगतो, वीस लाखांचं बजेट असेल तर सोळा-सतराची गाडी बघा. उरलेले पैसे पहिल्या वर्षासाठी बँकेत राहू द्या. चार टायर, बॅटरी, ब्रेक, गिअरबॉक्सचं ऑइल आणि एखादं अनपेक्षित काम यात ते जातातच. आणि सगळे पैसे कर्जातून उभे करून अशी गाडी घेऊ नका. हप्ता आणि वर्कशॉपचं बिल एकाच महिन्यात आलं की माणूस गाडी उभी करून ठेवतो, आणि उभी राहिलेली गाडी आणखी बिघडते.

पायरी 3: कोणत्या गाडीची कोणती दुखणी

"जर्मन गाड्या बिघडतात" असं सरसकट बोलून उपयोग नाही. प्रत्येक इंजिनाचं दुखणं वेगळं असतं आणि ते जगभर माहीत झालेलं असतं. विकणाऱ्याला नेमकं तेच विचारायचं.

बीएमडब्ल्यूच्या जुन्या एक्स1 आणि एक्स3 मध्ये एन47 नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती सैल पडायची तक्रार विशेषतः 2011 च्या आधीच्या इंजिनांत फार आली. चेन मागे असल्याने ती बदलायला मोठी उघडाउघड करावी लागते. 2014 पासून आलेलं बी47 त्या मानाने सुधारलेलं आहे. मात्र 2018 मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यू डिझेल गाड्यांना आगी लागल्या, ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या भागातून) कूलंट गळणं हे कारण निघालं आणि जगभर रिकॉल झाला, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून दुरुस्त केल्या. तुम्ही बघताय त्या गाडीचं हे काम झालंय का, हे चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळतं. रिकॉलचं काम फुकट होतं, मालक कितवा आहे ते बघितलं जात नाही. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉलही त्याच वेळी विचारून घ्या. तो अनेक कंपन्यांच्या जुन्या गाड्यांना लागू होता आणि तो प्रश्न थेट जिवाचा आहे.

एक्सड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या बीएमडब्ल्यू गाडीत चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे आणि दोन जुने लावले की पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) त्याची भरपाई करत झिजते. हळू वळताना गाडी अडखळल्यासारखी झटके देत असेल तर संशय घ्या. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) टायर असतात आणि स्टेपनी नसते, हेही नवख्यांना डिलिव्हरीनंतरच कळतं.

मर्सिडीजच्या एमएल 350, जीएल 350, जीएलएस 350डी या गाड्यांतलं तीन लिटरचं व्ही6 डिझेल, ओएम642, मला मनापासून आवडतं. नीट सांभाळलं तर लांब पल्ल्याचं इंजिन आहे. पण त्याचा ऑइल कूलर दोन सिलिंडर-ओळींच्या मधल्या खोलगटात बसवलेला आहे आणि त्याची सील काही वर्षांनी गळायला लागतात. सीलची किंमत किरकोळ, पण तिथवर पोचायला टर्बोपासून सगळं काढावं लागतं, म्हणून मजुरी जबर. गाडी खालून बघताना इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे ऑइल दिसलं, तर लोक "मागचं ऑइल सील" म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा ते वरून, त्या कूलरमधून ओघळलेलं असतं.

ऑडीत पहिल्या पिढीच्या क्यू5 आणि सुरुवातीच्या क्यू3 मधलं दोन लिटरचं टीएफएसआय पेट्रोल इंजिन ऑइल खातं. कंपनीच्या हिशेबात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं, पण मालकाच्या हिशेबात ते चालत नाही. "मधे ऑइल किती टॉप-अप करता?" हा साधा प्रश्न विचारा आणि उत्तर देताना समोरचा अडखळतो का ते बघा. जुन्या क्यू5 च्या सात गिअरच्या एस ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलण्याचं नियंत्रण करणारा भाग) बिघडण्याच्या तक्रारीही जुन्या आहेत.

लँड रोव्हरबद्दल मन घट्ट करून लिहितो, कारण दिसायला याहून देखणी गाडी नाही. डिस्कव्हरी 4 आणि रेंज रोव्हर स्पोर्टमधल्या तीन लिटर व्ही6 डिझेलचा क्रँकशाफ्ट तुटण्याच्या घटना जगभर घडल्या आहेत, आणि तसं झालं की अख्खं इंजिन जातं. साधारण 2016 पासून इव्होक आणि डिस्कव्हरी स्पोर्टमध्ये आलेल्या इन्जेनियम डिझेलला वर सांगितलेला डिझेल ऑइलमध्ये उतरण्याचा आजार जास्त जडतो, त्यापाठोपाठ चेन आणि टर्बो. त्यात एअर सस्पेन्शनचे कॉम्प्रेसर आणि इलेक्ट्रॉनिक्सचे रुसवे. घेऊच नका असं म्हणत नाही. पण पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड नसलेली लँड रोव्हर मी फुकट मिळाली तरी घेणार नाही.

व्होल्व्होच्या एक्ससी60 आणि एक्ससी90 वर मुख्यतः टचस्क्रीन हँग होण्याच्या आणि पार्टसाठी थांबावं लागण्याच्या तक्रारी ऐकू येतात. लेक्सस भारतात 2017 मध्ये आली. विश्वासाच्या बाबतीत ती सगळ्यांच्या पुढे, पण सेकंडहँड बाजारात फार कमी दिसते आणि जी दिसते ती स्वस्त नसते.

बीएस6 म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफच्या जोडीला अ‍ॅडब्लू येतं. हे युरियाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरायचं असतं. ते संपू दिलं तर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होत नाही. नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) जाणं ही या गाड्यांची नेहमीची तक्रार आहे, आणि तो सेन्सर स्वस्त नाही.

पायरी 4: घरबसल्या होणारी तपासणी

विकणाऱ्याकडून गाडी नंबर आणि चासी नंबर मागा. नंबर द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडे जाऊ नका. एमपरिवहन अ‍ॅपवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का, एवढं कळतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर थकलेले दंड दिसतात. या वर्गाच्या गाड्यांवर ते पुष्कळ निघतात.

मग सर्व्हिस रेकॉर्ड. फाइल नको, अधिकृत सर्व्हिस सेंटरने चासी नंबरवरून काढलेली नोंद मागा. ती मालकाने मागितली की मिळते. त्यात किलोमीटर चढत गेलेत ना, हे सगळेच बघतात. तुम्ही तारखा बघा. दोन सर्व्हिसमध्ये दोन वर्षांचं अंतर असेल आणि किलोमीटर फक्त 9,000 असतील, तरी ती सर्व्हिस चुकलेलीच आहे, कारण ऑइल वेळेनेही खराब होतं.

दिल्ली पासिंगच्या गाड्या इथे स्वस्तात विकायला येतात. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादाने बंधन घातलं, तेव्हापासून हा ओघ आहे. गाडी वाईट असेलच असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग हा सगळा खर्च किमतीत धरून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवा. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सही कोण करणार आणि तसा ठराव कंपनीच्या लेटरहेडवर मिळणार का, हेही याच टप्प्यावर विचारा.

पायरी 5: सकाळी सात वाजता गाडीपाशी

भाऊजींसाठी नेरुळला एक गाडी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट सांगतो, म्हणजे कसं बघायचं ते कळेल. वागळे इस्टेटमधले आमचे ओळखीचे मेकॅनिक काका सोबत होते. विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, रात्री जिथे उभी आहे तिथेच राहू द्या.

पोचल्यावर भाऊजी दार उघडायला निघाले. काका म्हणाले, "थांबा साहेब, आधी बोनेटवर हात ठेवा." हात ठेवला. पत्रा गार होता. गरम असता तर आम्ही तिथूनच परतलो असतो. थंड इंजिन चालू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे आवाज येतात ते गरम इंजिन लपवतं.

मग काकांनी खिशातून टेप काढला आणि चारही चाकांपाशी, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून हातावर पेनाने लिहिलं. पुढे दोन्हीकडे सारखं. मागे उजवीकडे डावीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी. रात्रभरात त्या बाजूची हवा उतरली होती. गाडी चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात कॉम्प्रेसर घुरघुरला आणि मागची बाजू सावकाश वर आली. विक्रेता म्हणाला, "बघा, एकदम लेव्हल!" तो आमच्याआधी एकदा गाडी चालू करून बसला असता तर आम्हालाही ती लेव्हलच दिसली असती. माझ्या गाडीचे 1,85,000 याच दोन सेंटिमीटरमध्ये गेले होते.

बाकी काय बघायचं:

चालू होताना इंजिनाच्या मागच्या अंगाने साखळी घासल्यासारखी खरखर येते का. दार बंद, खिडकी उघडी ठेवून एकाने आत बसावं, दुसऱ्याने बाहेर कान द्यावा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. बऱ्याच नव्या गाड्यांना ऑइलची पट्टी नसते, पातळी स्क्रीनवरच्या मेनूत दिसते. तिथे ती कमी दिसली तर प्रश्न आहे. डिझेल गाडीत कमाल खुणेच्याही वर दिसली तर प्रश्न आणखी मोठा, कारण त्यात डिझेल मिसळलेलं असू शकतं.

आता स्क्रीनवर सरासरी वेग शोधा. बहुतेक गाड्यांत दोन नोंदी असतात, एक चालू फेरीची आणि एक "रिसेट केल्यापासून"ची किंवा दीर्घकालीन. दुसरी हवी. त्याच पानावर ती किती किलोमीटरवरची सरासरी आहे ते सहसा दिसतं. 300 किलोमीटरवरची असेल तर कोणीतरी अलीकडेच रिसेट केली आहे, तिच्यावर फार विसंबू नका. दहा-पंधरा हजारांवरची असेल तर ती गाडीची खरी कुंडली आहे. माझा अंदाज असा की 25 च्या वर असेल तर ठीक, 15 च्या खाली असेल तर मीटरवरचे किलोमीटर मनातल्या मनात दुप्पट करून किंमत बोला.

दोन्ही चाव्या मागा. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो: 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही उठावदार दिसली तरी सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच आहेत असं धरून चला. बोनेट उघडून वायरींवर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा बघा. आपल्याकडे ही फार मोठी तक्रार आहे, येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांत तर विचारूच नका.

पायरी 6: पावसाचं पाणी गाडीत गेलं होतं का

ठाणे-नवी मुंबईत हा तपास टाळता येत नाही. महागड्या गाड्यांत बॅटरी आणि कंट्रोल मॉड्यूल खालच्या बाजूला असतात, बीएमडब्ल्यूच्या एक्स3, एक्स5 मध्ये बॅटरी डिकीच्या तळाशी, जुन्या एमएलमध्ये पुढच्या सीटखाली. दोन वीत पाणी आत आलं तरी नुकसान लाखांत जातं, आणि ते महिन्यांनी, एकेक कनेक्टर हिरवा पडत बाहेर येतं.

सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. वरचा हातभर पट्टा सगळे धुतात, शेवटचा कोणी धुत नाही. तिथे चिखलाची रेघ किंवा कुबट वास असेल तर विषय संपला. सीट पुढे-मागे करून खालच्या रुळांचे बोल्ट बघा. डिकीतला गालिचा उचलून खालच्या खोलगटाच्या कोपऱ्यांत बोट फिरवा, बारीक गाळ बोटाला लागतो. गाडीत सुगंधाची बाटली नको इतकी दरवळत असेल तर ती काढायला सांगा आणि खिडक्या बंद करून दहा मिनिटं बसा.

पॅनोरामिक सनरूफ असेल तर त्याच्या कडेच्या पन्हळीत पाण्याची छोटी बाटली हळू ओता. पाणी गाडीखाली ठिबकलं पाहिजे. पाचोळ्याने नळी तुंबली असेल तर ते छताच्या अस्तरातून आत उतरतं. पार्किंगमध्ये झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं.

शक्य असेल तर गाडी जुलै-ऑगस्टमध्येच घ्या. पाऊस स्वतःच अर्धी तपासणी करून देतो.

पायरी 7: चालवून बघणं

निदान तासभर चालवा आणि त्यात तीन प्रकारचा रस्ता हवा. नवी मुंबईत हे सोपं आहे: आतल्या सेक्टरचे गतिरोधक, मग पाम बीच रोडचा सरळ पट्टा, मग बेलापूरला पारसिक हिलचा चढ. ठाण्यात खड्ड्यांसाठी वेगळं कुठे जावं लागत नाही, चढासाठी गायमुखचा घाट आहे. गतिरोधकावर पुढून टकटक आली तर सस्पेन्शनचे बुश. सरळ रस्त्यावर वेगमर्यादेत राहून गिअर बदलताना धक्का बसतो का बघा. चढावर एसी चालू ठेवून तापमानाचा काटा बघा. आणि शेवटी पंधरा मिनिटं भर ट्रॅफिकमध्ये, कारण शेवटी आपली गाडी तिथेच राहणार आहे.

पायरी 8: स्कॅन आणि लिफ्ट

गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारा बाजारातला साधा ओबीडी स्कॅनर या गाड्यांना पुरत नाही. मर्सिडीजला झेन्ट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस अशी त्या त्या कंपनीची यंत्रणा लागते. ती अधिकृत वर्कशॉपमध्ये असते, शिवाय त्या ब्रँडचंच काम करणाऱ्या काही बाहेरच्या गॅरेजमध्येही. अनेक गाड्यांत किलोमीटर मीटरशिवाय इतर मॉड्यूलमध्येही साठवलेले असतात, बीएमडब्ल्यूच्या तर चावीतही. मीटर फिरवणारा सगळीकडे पोचलेला नसतो. फॉल्टची यादी कोरी करकरीत निघाली तर मी उलट सावध होतो. सात वर्षांच्या गाडीत दोन-चार किरकोळ नोंदी असणं स्वाभाविक आहे. सगळं कालच पुसलं असेल तर पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा. डीपीएफमध्ये राख किती भरली आहे तेही इथेच दिसतं.

पेंटची जाडी मोजणारं यंत्र फिरवून घ्या. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर 250 म्हणजे पुन्हा रंगवलंय, ते समजू शकतं. छताच्या खांबावर 500 च्या वर आकडा आला तर खाली पुट्टी आहे आणि मोठा अपघात झालेला आहे. लिफ्टवर गाडी उचलून खालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. ही सगळी तपासणी स्वतःच्या खर्चाने करा, विकणाऱ्याने "आमच्या माणसाकडून करून देतो" म्हटलं तरी.

पायरी 9: पैसे आणि कागद

टोकन द्याल तेव्हा कशावर परत मिळेल ते लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. ट्रान्सफरसाठी फॉर्म 29 आणि 30, बँकेचा बोजा उतरवायचा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. कोरे फॉर्म सही करून कोणाच्या हातात देऊ नका. 2023 च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते आहे का विचारा. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट दोघांनी सही करून ठेवा, म्हणजे आदल्या दिवसाचं चलान कोणाचं यावर वाद होत नाही. जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या.

इन्शुरन्समध्ये नवखे लोक फसतात. थर्ड पार्टी संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. त्यासाठी 14 दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो. इंजिन प्रोटेक्शन आवर्जून घ्या. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी शिरलं, तर साधी पॉलिसी सहसा हात वर करते.

पायरी 10: पहिला महिना

आल्या आल्या सगळी फिल्टर आणि इंजिन ऑइल बदला, आधीच्या मालकाने काल बदललं असं सांगितलं तरी. कंपनीची मुदत 15,000 किंवा त्याहून जास्त किलोमीटरची असेल. आपल्या ट्रॅफिकमध्ये मी ती 8,000 किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, अशी धरतो. गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" असतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. यातल्या अनेक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. बॅटरी बदलली तर बीएमडब्ल्यूसारख्या गाडीत ती यंत्रणेत रजिस्टर करावी लागते, नाहीतर चार्जिंग चुकीचं होत राहतं आणि नवी बॅटरीही लवकर बसते.

वॉरंटी संपल्यावर प्रत्येक कामाला अधिकृत वर्कशॉपच हवं असं नाही. पण बाहेरचं गॅरेज गाडी घ्यायच्या आधी शोधून ठेवा. गाडी टोइंगवर चढल्यावर शोधायला गेलात तर जो पहिला भेटेल त्याच्या हातात ती जाते.

भाऊजींनी नेरुळची ती गाडी घेतली नाही. दीड महिन्याने खारघरमध्येच तीन लिटर डिझेलची एक मिळाली, 92,000 किलोमीटर चाललेली. मीटरवरचा आकडा बघून ताई नाराज झाली होती. दीर्घकालीन सरासरी वेग 38 होता. मालक दर आठवड्याला कोल्हापूरला जायचे आणि सर्व्हिसची एकही तारीख चुकलेली नव्हती. तीन वर्षं झाली. आता भाऊजी एक रविवार आड गाडी एक्स्प्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत नेऊन आणतात, डीपीएफसाठी, आणि परत आल्यावर मला सरासरीच्या आकड्याचा फोटो पाठवतात. मागच्या रविवारी 33 होता.